जूनचं कुलूप

सत्यशीला नारळ घेताना तो कानाशी धरून हलवून बघायची, पण दुकानदाराने स्वतःहून हलवून दाखवलेला नारळ कधीच घ्यायची नाही. न विचारता जो पाणी ऐकवतो, त्याला दुसरं काहीतरी ऐकू द्यायचं नसतं, असं तिचं म्हणणं. दूध तापवण्याआधी ती त्याचा थेंब नखावर धरून पाहायची. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसासमोरच त्याचं सील उजेडात नेऊन तपासायची. तो एकदा वैतागून म्हणाला, "ताई, दर वेळी बघता. कधी काही निघालं का?"

"बघते म्हणून नाही निघत," असं म्हणून ती आत गेली.

हडपसरच्या पुढे, जुन्या गावठाणाच्या कडेला ती राहत होती. पूर्वी तिथे ऊस होता. आता पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ होती, ओळीच्या टोकाला सामाईक नळ आणि नळाच्या मागे मालकीणबाईंचं, सोजरबाईंचं, दुमजली घर. सत्यशीला लग्न होऊन वाशीमकडून इथे आली. नवरा आनंद गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. आल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात ती नळावर "मले बादली भरू द्या" म्हणाली आणि दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर ती "मला" म्हणायची. "मले" घरात राहिलं, आनंदपुरतं आणि रागावल्यावर.

तिच्या संशयाला ओळीत किंमत होती. गल्लीतला डॉक्टर डॉक्टर वाटत नाही, असं ती म्हणाली होती आणि पावसाळ्याच्या आत त्याची पाटी उतरली. टाकीच्या पाण्याला वास येतो म्हणून ती पाणी उकळायला लागली, आणि पाठोपाठ कावीळ आली ती पलीकडच्या ओळीत. त्यानंतर ओळीत एक रीत पडली. सत्यशीलाने गवळी बदलला की आठवड्याभरात सगळी ओळ गवळी बदले. तिला कोणी विचारत नसे, ती कोणाला सांगत नसे. फक्त पाहिलं जाई. आपल्याला इतकं पाहिलं जातं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईचं तेवढं राहून गेलं होतं.

तिची मुलगी पूर्णिमा गावठाणातल्या महापालिकेच्या शाळेत चौथीला होती. शाळा खोलीपासून हाकेच्या अंतरावर. फाटकाशी कडुलिंब, आणि व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा हीच शाळेची घंटा. ती घंटा पाचवीची मुलं पाळीपाळीने वाजवत. पूर्णिमाला पाचवीत जाण्याचं कारण विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं.

एप्रिल लागला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचनांची रांग लागे. वाचनालयाची पुस्तके परत करावीत. पाठ्यपुस्तके सुस्थितीत जमा करावीत. निकाल महाराष्ट्र दिनी झेंडावंदनानंतर मिळेल. जन्मतारखेची व नावाची खात्री करून घ्यावी. प्रत्येक सूचनेच्या शेवटी जोडलेले हात. सत्यशीला सातवीपर्यंत शिकलेली. ती प्रत्येक सूचना दोनदा वाचे, एकदा काय लिहिलंय ते बघायला आणि एकदा काय लिहिलं नाही ते बघायला.

"एवढ्या वेळा हात जोडतात," ती आनंदला म्हणाली. "मले नाही पटत. देणारा हात नाही जोडत, नेणारा जोडतो."

आनंद बूट घालत होता. "मग काय त्यांनी पाय जोडावेत?"

"पुस्तकं परत मागितली. नावाची खात्री करा म्हणतात. दाखल्यावरच लागते ना नावाची खात्री?"

"प्रगतिपुस्तकावरही नाव असते, सत्या."

त्या वर्षी गटात बोलायची सोयही बंद केली होती. आता फक्त मुख्याध्यापिका केंजळे मॅडमच संदेश टाकू शकत. पालकांनी गटावर लग्नपत्रिका आणि कर्जाच्या जाहिराती टाकल्या म्हणून ते बंद केलं, असं मॅडमनी लिहिलं होतं. ते खरंही होतं. पण तोंडावर हात ठेवणारा सभ्य असला तरी हात तोंडावरच असतो, असं सत्यशीलाला वाटलं.

आणि मग एका सकाळी पोळ्या लाटत असताना ओट्यावरचा फोन उजळला. लॉक असलेल्या पडद्यावर संदेशाचे पहिले शब्द दिसले: "पट आणखी घसरला तर जूनमध्ये..." पिठाचा हात पुसून तिने फोन उघडला, तोवर तिथे संदेश नव्हता. मॅडमनी तो काढून टाकला होता. त्याच्याखाली लगेच दुसरा आला. "चुकून इथे आला. पालकांनी दुर्लक्ष करावे." आणि जोडलेले हात.

तव्यावरची पोळी काळी झाली. सत्यशीलाने ती उलटलीही नाही.

तिच्या गावात पाचवीपर्यंतची एकशिक्षकी शाळा होती. गुरुजी सायकलवरून येत. चौथीच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकेक पेढा दिला आणि म्हणाले, "जूनमध्ये भेटू." जूनमध्ये सत्यशीला नवं दप्तर घेऊन गेली, तेव्हा दाराला कुलूप होतं. मुलं कमी म्हणून शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवली होती. ओढा ओलांडून जायचं. तिचा भाऊ गेला, तीही दोनतीन वर्षं रेटून गेली, आणि मग एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं म्हणून घरच्यांनी तिला थांबवलं ते कायमचं. पाणी उतरलं. तिला परत पाठवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तिने शिक्षण सोडलं असं माहेरी कोणी म्हणत नसे, "तिचं राहिलं" म्हणत, जसं भांडं नळावर राहतं.

इथे ओढा नव्हता. इथे सोलापूर रस्ता होता. शाळा बंद झाली तर पुढची शाळा रस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्याला पाणी येऊन उतरत नाही. तो रोजच भरून वाहतो.

सत्यशीला दिवसभर महिपती टेलरकडे काज-बटण करी. महिपतीचं दुकान म्हणजे आसपासच्या शाळांच्या गणवेशांचं आगर. दरवर्षी रामनवमीच्या सुमारास तिथे पूर्णिमाच्या शाळेचा निळा चौकडा येऊन पडे. या वर्षी मांडणीवर खाकी होता, मरून होता, चौकडा नव्हता.

"महिपतीकाका, आमच्या शाळेचं कापड अजून आलं नाही?"

"येईल की."

"दरवर्षी एव्हाना येतं."

"दरवर्षी एव्हाना तुम्ही मान खाली घालून बटणं लावत असता." त्याने शिवणयंत्र थांबवलं. "थोडंच मागवलंय. मागचाच तागा पडून आहे. गिऱ्हाईक नसेल तर काय चौकड्याच्या चादरी शिवू?"

"गिऱ्हाईक का नाही?"

"ते मला काय माहीत? सगळ्यांना आता टाय पाहिजे पोरांच्या गळ्यात. सहा वर्षांच्या पोराला टाय. उन्हाळ्यात."

तिने बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि आणखी एक खूण मनात बांधली. दोन दिवसांनी तिसरी खूण मिळाली. पूर्णिमाला घ्यायला गेली तेव्हा शाळेच्या मैदानात विश्वजीत दिसला, सोजरबाईंचा मुलगा. सोबत पांढऱ्या शर्टातला एक माणूस, आणि दोघांच्या मध्ये लांब टेप ताणलेला. विश्वजीत जमिनीचे व्यवहार करायचा. त्याने टेप धरला की त्या जागेवर वर्षभरात इमारत उभी राहते, हे गावठाणातलं शेंबडं पोरही सांगेल.

संध्याकाळी सोजरबाई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. सत्यशीला त्यांच्यापुढे बसली आणि न सांगता लसूण सोलू लागली.

"काय गं, आज लई माया आली?" सोजरबाईंनी डोळे वर न करता विचारलं.

"आजी, विश्वजीतभाऊ शाळेत दिसले. मोजत होते."

"मोजंना. लहानपणी पाढं येत नव्हतं त्याला. आता मोजतोय तर मोजू दे."

"शाळेची जागा आहे ना ती?"

सोजरबाईंनी पाकळी टोपलीत टाकली. "सरळ इचार की. तुझी पोर हाय तिथं, माझा सासरा हाय तिथं. त्यानं दिलीय ती जागा. अंगठा हाय त्याचा कागदावर. फरशी टाकायचीय म्हणं मैदानात, इलेक्शनला उभं राहायचंय भाद्दराला. आन् जागा परत मागाया, अजून मी मेले न्हाई."

दुसरी कोणी असती तर निर्धास्त झाली असती. सत्यशीला मात्र त्यातला "अजून" तेवढा घेऊन घरी आली. सोजरबाई ऐंशीच्या पुढे होत्या.

त्या आठवड्यात तिने शांतपणे दोन कामं उरकली. रस्त्यापलीकडच्या शाळेत जाऊन पाचवीला जागा आहे का, ते विचारून आली. जागा होती, दाखला आणा म्हणाले. मग ती पूर्णिमाच्या शाळेत गेली आणि कार्यालयात दाखल्याचा अर्ज दिला. शिपाई शंभू दारातच स्टुलावर बसला होता. त्याने अर्जाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पोरगी हुशार आहे. का काढताय?"

"घरची अडचण."

"काय अडचण?"

"तुम्ही शिपाई आहात की पोलीस?"

शंभूने अर्ज मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. पण शंभूची बायको ओळीतल्याच नळावर कपडे धुवायची.

घरी आनंद चिडला. तो क्वचितच चिडे. "मॅडमला एकदा विचारलं असतंस तर?"

"विचारल्यावर कोण खरं सांगते? गुरुजीनं सांगितलं होतं?"

"सगळे तुझे गुरुजी नाहीत, सत्या."

"सगळेच असतात," ती म्हणाली. "पेढा तेवढा वेगळा."

पूर्णिमा कोपऱ्यात चित्र रंगवत होती. तिने मान वर केली. "त्या शाळेत घंटा पाचवीची मुलं वाजवतात का?"

"तिथं विजेची आहे," सत्यशीला म्हणाली. पूर्णिमाने रंगपेटीचं झाकण लावलं. त्यानंतर दोन दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं, निकाल वाटले गेले. पूर्णिमाला चांगली श्रेणी होती. सत्यशीलाने प्रगतिपुस्तकावरचं नाव, जन्मतारीख, सही, शिक्का सगळं तपासलं. शाळा चालू राहील की नाही ते त्यात कुठेच नव्हतं. मग शंभू आला. "मॅडमनी आत बोलावलंय. तुम्हाला एकटीला."

केंजळे मॅडम रोज शनिवार पेठेतून स्कूटरवर येत. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांना त्याची गरजच पडत नसे.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "तुमची भेट घ्यायची बरेच दिवस इच्छा होती. शाळा मी चालवते असा माझा समज होता."

"मी काय केलं, मॅडम?"

"काहीच नाही. दाखला मागितलात. त्यानंतर तुमची ओळ एकामागून एक आली. एकीचं घर बदलतंय, एक गावी चाललीय, एकीच्या नवऱ्याची बदली. रिक्षावाल्याची बदली झालेली मी पहिल्यांदाच ऐकली. एक बाई तेवढी खरं बोलली. म्हणाली, 'सत्यशीलाताईंनी काढला ना, मग काहीतरी असणार.'"

सत्यशीलाला एकेक आठवलं. ओळीतल्या बायका, दूध, गवळी, उकळलेलं पाणी. कितीतरी गोष्टी एकदम जागच्या जागी बसल्या. पण तिने जे विचारायचं ठरवलं होतं तेच विचारलं.

"तो मेसेज काय होता?"

"कोणता?"

"तुम्ही काढलेला. पट आणखी घसरला तर जूनमध्ये. त्याच्या पुढचं दिसलं नाही मला."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा थकलेला आणि बराच साधा दिसला. बाहेर मुलं पळत होती, कोणीतरी रुळावर खडा मारून त्याचा बारीक नाद काढत होतं.

"शिक्षकांच्या गटावर टाकायचा होता," त्या म्हणाल्या. "पट आणखी घसरला तर जूनमध्ये एक शिक्षक कमी होईल आणि वर्ग एकत्र करावे लागतील. पालकांना इतक्यात काही बोलू नका, घाबरून मुलं काढतील. एवढंच होतं."

"म्हणजे शाळा बंद होणार."

"नाही. काठावर होतो. मुलं टिकली असती तर काही झालं नसतं. सुट्टीत घरोघर फिरून नवी मुलं आणणार होतो आम्ही." त्यांनी ड्रॉवर ओढून दाखला काढला. सही झालेली होती. "आता किती जण जातात त्यावर आहे. घ्या. रीतसर आहे, मला अडवता येत नाही."

सत्यशीलाने कागदाला हात लावला नाही. तिचा संशय खोटा नव्हता, हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. आयुष्यभर त्यावरच तर ती बरी राहिली होती. पण ज्याची भीती होती तेच आपण हाताला धरून घरात आणलं, असं तिला वाटलं.

"सांगितलं का नाही आम्हाला?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "दाखलाच मागितला असता," ती म्हणाली. "पण आधी तुमच्याशी भांडले असते."

"ते चाललं असतं," मॅडम म्हणाल्या. "भांडायला माणूस समोर तरी येतो."

मग, का कोण जाणे, सत्यशीलाने त्यांना गुरुजींची गोष्ट सांगितली. सायकल, पेढा, नवं दप्तर, कुलूप. सांगताना मधेच "मले" आलं आणि तिने ते सुधारलं नाही. "त्यांना माहीत होतं का, ते आजवर नाही समजलं," ती म्हणाली.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "माहीत असणार," त्या म्हणाल्या. "पेढे कोणी उगाच वाटत नाही."

थोड्या वेळाने सत्यशीला उठली. दाखला टेबलावरच होता. "राहू द्या तो. रद्द करा. पण जे खरं आहे ते गटावर लिहा. आजच. आणि आमची तोंडं उघडा."

"लग्नपत्रिका येतील."

"येऊ द्या. आणि जूनमध्ये फाटकाला कुलूप दिसलं तर मी शनिवार पेठेत येईन, घरी."

"या की. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. वर येईपर्यंत निम्मा राग उतरेल तुमचा."

दुपारी गटावर संदेश आला. शाळेचा पट घसरला आहे. मुले टिकली तर शिक्षक व वर्ग टिकतील. आमच्याकडून हे आधी सांगायचे राहिले. प्रश्न असल्यास विचारावेत. शेवटी जोडलेले हात नव्हते. सत्यशीलाने ते दोनदा पाहिलं.

पण गटावरच्या शब्दांनी ओळ हलत नसे, हे तिला आता माहीत होतं. संध्याकाळी ती नळावर गेली आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. शाळा बंद होत नाहीये. मी दाखला परत केला. आपण काढली तरच मुलं कमी होतील. तुम्हीही थांबा.

नळाखाली वैष्णवीची कळशी भरत होती. वैष्णवी दोन खोल्या पलीकडची, तिची साई पूर्णिमाच्याच वर्गात. दोघी एका बाकावर. वैष्णवीने कळशी बाजूला घेतली.

"ताई, गेल्या आठवड्यात काढला आणि आज ठेवला. मधे काय झालं?"

"मॅडमशी बोलले."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"खरं काय ते सांगितलं."

"खरं आहे हे कशावरून?"

दुसरी एकजण कपडे पिळता पिळता म्हणाली, "पूर्णिमाला काही मिळणार आहे का? नाही, सहज विचारते."

"काय मिळणार?"

"बक्षीस, काही. एकटीलाच आत बोलावलं म्हणून म्हटलं."

"राग मानू नका, ताई," वैष्णवी म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. "दाखला तुम्ही ठेवून आलात, पण आम्ही कुठे पाहिला? गोड बोलणाऱ्याचा भरवसा धरू नये, हे तुम्हीच तर दाखवलं आम्हाला. मी साईचे पैसे भरलेत तिकडे. व्हॅन पण ठरलीय."

तिने कळशी कमरेवर घेतली आणि गेली. बाकीच्या बायका आपापल्या बादल्यांकडे बघत राहिल्या, जशा गवळ्याच्या मापाकडे बघतात.

मे महिनाभर सत्यशीला घरोघर गेली. मॅडमच्या सोबत गेली असती तर लोकांना आणखीच काहीतरी वाटलं असतं, म्हणून एकटी गेली. काही घरांनी दाखले परत नेऊन दिले. सोजरबाईंनी पायरीवर बसून दोन भाडेकरणींना झापलं. "माझ्या सासऱ्याची शाळा नको असंल तर माझी खोली कशाला पाहिजे?" त्यावर एकजण वळली, दुसरी घाबरून वळली. महिपतीने कुरकुरत चौकड्याचा आणखी एक तागा मागवला आणि तो खपला नाही तर तिच्या घरी पडदे म्हणून लावायचा असं बजावलं. पण वैष्णवी वळली नाही, आणि वैष्णवीकडे पाहून आणखी काहीजणी वळल्या नाहीत. ओळीने आता दुसरी कोणीतरी पाहायला घेतली होती.

शाळा उघडायच्या दिवशी सत्यशीला पूर्णिमाला घेऊन सगळ्यांच्या आधी फाटकाशी आली. फाटकाला कुलूप होतं.

असणारच होतं. वेळ व्हायची होती. तिला ते कळत होतं आणि तरी तिने फाटकाच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. पूर्णिमाच्या पाठीवर नवं दप्तर होतं. कडुलिंबाखाली आणखी पालक जमू लागले. सगळे कुलपाकडे बघून मग तिच्याकडे बघत होते.

शंभू आला. त्याने किल्ली लावली. फिरली नाही. काढून फुंकर मारली, पुन्हा लावली.

"कुलूप बदललंय का?" सत्यशीलाने विचारलं.

"नाही हो. किल्ली घरची आणलीय चुकून."

"घरची कशी येईल?"

"घाईत येते. तुम्ही इथे पहाटेपासून उभ्या आहात, असं बायकोने सांगितलं. म्हणून घाई झाली."

तो परत गेला. त्या वेळात रस्त्यावरून एक पिवळी व्हॅन गेली. मागच्या काचेत साई होती, गळ्यात टाय. तिने पूर्णिमाला हात केला. पूर्णिमानेही केला. पुढे बसलेल्या वैष्णवीने कुलूप लावलेलं फाटक पाहिलं, फाटकाबाहेर उभी असलेली सत्यशीला पाहिली, आणि मान दुसरीकडे वळवली. सत्यशीलाला तिचा राग आला नाही. तिच्या जागी ती असती तर तिनेही हेच पाहिलं असतं आणि हेच धरून चालली असती.

केंजळे मॅडमची स्कूटर आली. त्या उतरल्या, कुलूप पाहिलं, मग सत्यशीलाकडे.

"पत्ता शोधायला निघाला नाहीत ना अजून?"

"निघणारच होते."

शंभू धापा टाकत आला. या वेळी कुलूप उघडलं.

आत पाचवीच्या दोन वर्गांचा एक वर्ग झाला होता. दुसऱ्या खोलीतले बाक इकडे आणून दाटीने लावले होते. दुसरी खोली रिकामी होती, फळ्यावर अजून एप्रिलमधला सुविचार तसाच. ती खोली आता सामान ठेवायला जाईल, असं शंभू कोणाला तरी सांगत होता. सत्यशीला तिच्या दारात थोडी थांबली. गावातल्या शाळेला एकच खोली होती. इथे निदान एक उघडी राहिली. तिने दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात पूर्णिमा धावत आली. पाळ्या ठरल्या होत्या.

"आई, माझी पाळी परवाच. मग पुन्हा लवकर येणार," ती म्हणाली. "मुलं कमी झाली ना, म्हणून. साई असती तर तिची आधी आली असती."

तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. सत्यशीलाने तिच्या वेणीची रिबीन विनाकारण सोडून पुन्हा बांधली. व्हरांड्याच्या टोकाला पाचवीतल्याच कोणा मुलाने रुळाच्या तुकड्यावर दांडा हाणला आणि नाद कडुलिंबाच्या पलीकडे, ओळीपर्यंत गेला.

बाहेर पडताना फाटकाच्या कडीला उघडं कुलूप लटकत होतं. तिने ते हाताने एकदा ओढून पाहिलं. मग महिपतीकडे कामाला गेली.